टिलमन स्ट्रीटवरची राहती घरं

मंगळवारी सकाळी, कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत, अर्डेल पेटवेला आपलं घर रिकामं असल्याचं समजलं. चौथ्या वॉर्डाच्या पाहणीचे तक्ते तिच्या टेबलावर आले होते. ते तपासायचे, शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचे, हे तिचं काम. टिलमन स्ट्रीटचं पान उघडलं. नऊ घरं, नऊ ओळी, आणि सहाव्या ओळीत १४१८ या नंबरापुढे 'रिकामं'च्या रकान्यात फुली. फुली नीटस होती, चौकटीबाहेर न गेलेली. शेऱ्यात लिहिलं होतं: गवत गुडघाभर, टपालपेटी तुंबलेली, दारावर दिवा नाही, पडदे बंद, कचऱ्याचा डबा नाही, गाडी नाही. तिनं ते दोनदा वाचलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेरा अगदी बरोबर आहे. एक अक्षर इकडचं तिकडे करण्यासारखं नव्हतं. पाहणीला ती स्वतः गेली असती तरी तिनं हेच लिहिलं असतं. दुसऱ्या कुणाला राग आला असता, कुणी हसलं असतं, कुणी खुर्ची मागे सारून 'अहो, मी जिवंत आहे' म्हणून ओरडलं असतं. अर्डेलनं कप उचलला. कॉफी गरम असणार, वाफ दिसत होती. पण दाढ काढण्याआधी सुई टोचली की ओठ आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं गेल्या तेरा महिन्यांत सगळ्याच अंगाचं झालं होतं.

महापालिकेच्या इमारत खात्यात तिला सव्वीस वर्षं झाली होती. ती लागली तेव्हा काचेचे तीन कारखाने चालू होते आणि खात्याचं काम नवी घरं मोजण्याचं होतं. मग कारखाने गेले, त्यांच्यामागून माणसं गेली, घरं तेवढी जिथल्या तिथे राहिली, आणि खातं रिकामी घरं मोजू लागलं. मोजायची पद्धत अशी की गाडीत दोघं बसायचे, एकानं गाडी ताशी पंधरा मैलांच्या वेगानं चालवायची आणि दुसऱ्यानं खिडकीतून बघून फुल्या मारायच्या. खाली उतरायचं नाही. उतरलं की कुत्री अंगावर येतात, माणसं गाऱ्हाणी सांगत बसतात, आणि दिवसाला दोनशे घरं व्हायची ती चाळीस होतात. काचेतून बघून काय कळतं, असं नव्या आलेल्यांनी विचारलं की अर्डेलच त्यांना समजावायची. गवत बघा, टपाल बघा, मंगळवारी रस्त्याच्या कडेला डबा आलाय का बघा. घर बोलतं. घरातलं माणूस खोटं बोलेल, घर बोलणार नाही. हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं होतं की आता कुणीतरी दुसऱ्यानंच तिला शिकवलं असावं असं वाटायचं. एकदा एक माणूस तिच्या ऑफिसातल्या खिडकीशी तळणीचा तवा घेऊन आला होता, तव्यात अर्धवट शिजलेली दोन अंडी. त्याच्या घरावर रिकाम्याची पट्टी चिकटवून गेले होते. 'हात लावून बघा, बाई, अजून गरम आहे,' तो म्हणत होता, 'मी राहतो तिथं, आज सकाळी तिथं अंडी केली मी.' अर्डेलनं त्याला शांतपणे सांगितलं होतं, की पुराव्यांच्या यादीत तवा बसत नाही. विजेचं बिल आणा, नाहीतर फेरपाहणीचा अर्ज करा. तो गेल्यावर सगळे हसले होते, तीही हसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. फक्त त्या अंधारात बसलेल्याला काही टोचत नव्हतं, एवढंच.

मग तिची नजर सातव्या ओळीवर गेली आणि तिथे मात्र ती थांबली. १४२२, क्रेनशॉ. 'राहतं'च्या रकान्यात फुली. शेरा: गवत कापलेलं, दारावर दिवा आणि पानाफुलांचं कडं, डबा बाहेर, घर उत्तम राखलेलं. म्हातारा क्रेनशॉ गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्या घरात नळाला पाणी नव्हतं आणि वरच्या मजल्यावर कबुतरं होती. शेजारी घर पडीक दिसू लागलं की गल्ली कशी खचते हे वेंडेलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कुणी सांगायला नको होतं. तो तीस वर्षं पालिकेची बर्फ सारायची गाडी चालवत होता आणि शहरातली प्रत्येक गल्ली मरताना त्यानं उंचावरून पाहिली होती. आधी एका घराचं गवत वाढतं, मग कुणीतरी तांब्याचे नळ उपटून नेतं, मग आग लागते. म्हणून क्रेनशॉचं दफन झालं त्याच आठवड्यात वेंडेलनं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर काढली, कुंपणावरून नेली आणि क्रेनशॉच्या दारावर दिवा लावला. दर शनिवारी तो त्या घराचं गवत कापायचा, दर मंगळवारी तिथला डबा बाहेर ठेवायचा, दारावर ऋतूप्रमाणे कडं अडकवायचा. हे असं करणारे शहरात बरेच होते. एका गल्लीत तर मेलेल्या बाईच्या दारात शेजारी आळीपाळीनं आपापली गाडी उभी करायचे. वेंडेलचा स्वभावच असा, की आधी दुसऱ्याचं. बर्फ पडलं की स्वतःची गल्ली तो सगळ्यात शेवटी साफ करायचा, नाहीतर लोक म्हणतील गाडीवाल्याचा नवरदेवासारखा थाट आहे. गवताचंही तेच. आधी क्रेनशॉचं, मग आपलं. गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या शनिवारी क्रेनशॉचं पूर्ण झालं होतं. आपलं व्हायचं राहिलं.

तेव्हापासून क्रेनशॉचं घर अर्डेल राखत होती. का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. शनिवार आला की तिचे पाय आपोआप छपरीकडे जात, गवत कापायचं मशीन बाहेर येई, आणि ती वेंडेल जिथपर्यंत गेला होता तिथपर्यंत जाई. दोन अंगणांच्या मधल्या पट्टीशी मशीन थांबे आणि परत छपरीत जाई. मंगळवारी तिच्याकडे कचऱ्याची एकच लहान पिशवी असायची. एका माणसाच्या कचऱ्यात दोन घरांचे डबे कुठून भरायचे, म्हणून ती पिशवी ती क्रेनशॉच्या डब्यात टाकायची आणि आपला डबा मागेच ठेवायची. स्वतःच्या दारावरचा दिवा गेल्या हिवाळ्यात गेला होता. पुढचं दार ती उघडत नव्हती. मागच्या बोळातून बसथांबा जवळ पडायचा. टपालपेटीत गवताबद्दलची पालिकेची नोटीसही पडली असणार, आणि तिच्याखाली बहुधा शिक्का तिच्याच हातचा असणार. तिनं पानावर बोट ठेवलं. बोटाखाली सहावी ओळ आणि सातवी ओळ. जिथे माणूस होतं ते घर मेलेलं, आणि जिथे कबुतरं होती ते उत्तम राखलेलं.

सवयीनं तिनं पानाखालची बेरीज केली. नऊपैकी राहती चार. कोपऱ्यावरच्या दोघा भावांचं, नव्यानं आलेल्या होंडुरासच्या कुटुंबाचं, समोरच्या मिस ओफेलियाचं आणि क्रेनशॉचं. निम्म्याहून कमी. निम्म्याहून कमी भरलं की त्या गल्लीला खात्यात 'विझवायची' म्हणत, कारण पहिल्यांदा रस्त्यावरचे दिवे जात. मग बर्फाची गाडी यायची बंद होई, मग कचरा मुख्य रस्त्यापर्यंत आपला आपण न्यायचा. नकाशावर गल्ली राहायची, पण तिचा रंग बदलायचा. अर्डेलनं पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बारीक आकडे मांडले. तिनं आपलं घर राहतं करून घेतलं तर पाच होतील आणि गल्ली वाचेल. पण आपल्याबरोबर तिनं क्रेनशॉबद्दलही खरं सांगितलं, तर पुन्हा चार. म्हणजे एक खरं सांगायचं आणि दुसरं झाकायचं, तरच दिवे राहणार होते. सव्वीस वर्षांत तिनं कागदावर एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती. याचा तिला कधी अभिमान वाटायचा. आत्ता तो वाटतोय का हे तिनं चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

ती फुली मारणारा लिओ वोयचिक जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी आला. एकोणीस वर्षांची ओळख. जाडजूड, गुडघा दुखरा, बोलायला तिखट. तिनं पान त्याच्यापुढे फिरवलं आणि सहाव्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"त्यात काय बघायचं? जंगल झालंय तिथं," लिओ म्हणाला. "रेमंड गाडी चालवत होता, तो म्हणाला, आत हरणं असतील."

"हरणं नाहीत. मी असते."

तो हसला, मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. "चेष्टा करतेस."

"१४१८. तिथं राहते मी."

"अगं पण..." त्याच्या मानेवर लाली चढली. "मी एकोणीस वर्षं तुझ्यासमोर बसून सँडविच खातोय आणि तुझं घर कुठलं हे मला माहीत नाही? वेंडेलच्या दफनाला आलो होतो मी. जेवण चर्चच्या तळघरात होतं, घरी कुणी बोलावलंच नाही. अर्डेल, थांब, मी आत्ता खोडतो."

"खोडता येत नाही. खोडलेलं चालत नाही, तुला माहितीये. फेरपाहणी करावी लागेल. आणि ज्यानं लिहिलं त्यानंच पायऱ्या चढायच्या."

"हा नियम कुणी काढला?"

"मी."

"मग भोग आपल्या कर्माची फळं," लिओ म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "गुरुवारी सकाळी दहाला येतो. घरी थांबशील ना? म्हणजे, दार उघडशील ना?" त्याला हे विचारावंसं का वाटलं, हे तिला कळलं, आणि कळूनही तिनं नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी बसमधून उतरल्यावर ती मागच्या बोळात वळली नाही. काचेतून कसं दिसतं ते पाहावं म्हणून पुढच्या रस्त्यानं गेली. सप्टेंबरातलं ऊन अजून होतं. पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून तिनं स्वतःच्या घराकडे पाहिलं आणि तिला ते कुणा अनोळखी माणसाचं वाटलं. गवताला वर तुरे आले होते. पायऱ्यांवर पानांचा थर होता. हे काही एका दिवसात झालेलं नव्हतं, रोज थोडं थोडं झालं असणार, आणि रोज ती आत होती. आतून तिला काहीच दिसलं नव्हतं. शेजारी क्रेनशॉच्या दारावर दिवा लागला, त्याला वेळेची कळ बसवलेली होती, सहाला लागायचा. त्या उजेडात ते घर खरोखर छान दिसत होतं. कुणीतरी आत सूप ढवळत असेल असं वाटावं, असं.

"आलीस का शेवटी पुढच्या बाजूनं!" समोरच्या ओसरीवरून मिस ओफेलिया टॉलिव्हर ओरडली. एक्याऐंशी वर्षांची बाई, पायावर गोधडी, हातात मटारच्या शेंगा. "मला वाटलं तूही गेलीस म्हणून. वर नाही, ॲटलांटाला, बहिणीकडे."

"कुठं जाऊ, मिस ओफेलिया. इथंच आहे."

"इथंच आहेस तर दिसायला काय होतं? माझ्या भाच्याला म्हटलं, जा, त्या पोरीचं गवत काप. तर तू त्याला मागच्या दारातूनच परत पाठवलंस. दुसऱ्याच्या अंगणाला हजामत आणि आपलं तसंच झिंज्यांसारखं!" मग तिनं आवाज खाली आणला, तिच्या लेखी खाली. "गेल्या मंगळवारी पालिकेची गाडी फिरत होती. खिडकीतून माना काढून बघत होते मेले. गल्ली विझवणार आहेत का गं?"

अर्डेल पायरीवर बसली. मिस ओफेलियाला आठवड्यातून तीनदा पहाटे रुग्णालयाची गाडी न्यायला यायची. तिथे यंत्राला जोडून चार तास तिचं रक्त धुवायचे. बर्फ न सारलेल्या गल्लीत ती गाडी शिरत नसे, हा त्यांचा नियम होता आणि तो कुणी काढला हे विचारून उपयोग नव्हता. पलीकडच्या वॉर्डातली एक गल्ली विझवली त्या हिवाळ्यात तिथल्या दोघा म्हाताऱ्यांना मुलांनी हलवलं, आणि तिसऱ्याला हलवायला कुणी नव्हतं. मिस ओफेलियाचा भाचा इथे महिन्यातून दोनदा यायचा. अर्डेलनं पुढ्यातल्या शेंगांतली एक घेऊन सोलली. दाणे बोटांना गार लागायला हवे होते.

"अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"तू त्याच खिडकीत बसतेस ना? मग तू ठरव. एवढी वर्षं लोकांची घरं मारलीस, एक गल्ली जगव." म्हातारीनं हे चिडून म्हटलं नव्हतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं होतं. "मी इथून निघणार नाही हां, सांगून ठेवते. मला त्या वृद्धाश्रमातलं जेवण चालत नाही, मीठच नसतं."

बुधवारी ऑफिसात दिवसभर ती आपल्या हातांकडे बघत राहिली. हात शिक्के मारत होते. दुपारी तिला एकदम मशीनचा आवाज आठवला, आठवला म्हणजे कानात सुरू झाला. त्या शनिवारी ती स्वयंपाकघरात बटाट्याचं सॅलड करत होती, अंडी सोलत होती, आणि बाहेर मशीन चालू होतं. गवत कापणाऱ्या मशीनचा आवाज जातो आणि येतो, लांब होतो, जवळ येतो, घरात बसलेल्याला त्यावरूनच कळतं की माणूस कुठपर्यंत पोचलं. त्या दिवशी तो आवाज एका जागी थांबला. बंद पडला नाही, नुसता एका जागी चालू राहिला. तिनं मनात म्हटलं, कुणाशी तरी गप्पा मारत उभा असेल, आणि आणखी एक अंडं सोललं. मग आणखी एक. पाच अंडी सोलून झाल्यावर ती बाहेर गेली. तो दोन अंगणांच्या मधल्या पट्टीवर पडला होता, तोंड आपल्या घराकडे. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटं लागली, कारण वॉर्डातलं अग्निशमन केंद्र बंद करून दुसऱ्याला जोडलं होतं. लोक म्हणाले पालिकेवर दावा ठोक. बावीस मिनिटांचं तिला काही वाटत नव्हतं, निदान ती मोजता येत होती. पाच अंडी सोलायला किती वेळ लागतो, हे तिनं कधी मोजलं नाही. तेव्हाही ती रडली नव्हती. चर्चमधल्या बायका म्हणाल्या होत्या, होईल, येईल रडू, घाई करू नकोस. त्या आपापल्या घरी गेल्या, मक्याच्या पावाची आणि भाज्यांची भांडी परत न्यायलाही आल्या, आणि रडू काही आलं नाही. तिला वाटलं होतं आपण खंबीर आहोत. लोकांनाही तसंच वाटलं. लिओनं गाडीच्या काचेतून पाहून पहिल्यांदा बरोबर काय ते लिहिलं होतं.

गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पुढच्या खोलीत जायचं म्हणून तिनं पांढरा ब्लाउज घातला, जसं काही ऑफिसात चालली आहे. विजेचं बिल, ओळखपत्र, नोकरीचा दाखला, सगळं टेबलावर ओळीत ठेवलं. क्रेनशॉबद्दल काय सांगायचं तेही ठरवलं. फेरपाहणीत दोन्ही बाजूंच्या घरांबद्दल विचारायचं असतं आणि शेजाऱ्याचा शब्द पुरतो. एका बाजूला मोकळी जागा होती, प्रश्न एकाच बाजूचा होता. क्रेनशॉचं नाव घ्यायचं नाही, त्या घराच्या फाइलीत तो मेल्याची नोंद होती. कुणीतरी भाडेकरू सांगायचा. हॉवर्ड बेल. हॉवर्ड बेल, एकटा, रात्रपाळीला जातो. तिनं ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. बहुतेक गोष्टी अलीकडे सोप्या झाल्या होत्या.

दहाला दोन मिनिटं कमी असताना पायऱ्यांवर लिओचा जड पाय वाजला, मग दुखऱ्या गुडघ्याचा हलका. दारावर तीन थापा पडल्या. नियम असा, की तीन थापा द्यायच्या, शंभरपर्यंत मोजायचं, उत्तर आलं नाही तर पट्टी चिकटवून निघायचं. अर्डेल खुर्चीवर बसली होती. उठायचं आहे हे तिला ठाऊक होतं. दार पंधरा पावलांवर होतं. तिनं पायांना सांगितलं आणि पाय ऐकत नव्हते. भीती नव्हती, दुःख नव्हतं, नुसतं तिथे बसून राहणं होतं, आणि ते आरामाचं होतं. बाहेर लिओ मोठ्यानं मोजत होता. चाळीस. पन्नास. आपण इथेच बसून राहिलो तर काय होईल ते तिला सगळं माहीत होतं, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या बुलडोझरपर्यंत, प्रत्येक कागद कुठल्या रंगाचा असतो तेही. ऐंशी. नव्वद. मग लिओ थांबला. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "एकाहत्तर. बहात्तर. त्र्याहत्तर."

ती उठली. कडी सरकली पण दार फुगून चौकटीत बसलं होतं, तेरा महिने कुणी उघडलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी ओढलं.

"अडकलंय, लिओ. ढकल."

"ढकलणं नियमात बसत नाही. बळानं शिरायचं नाही, कलम सहा."

"कलम सहा मीच टाइप केलंय. ढकल रे बाबा."

दार उघडलं तसा टपालाचा ढीग आणि पानं आत आली, मागून ऊन आलं आणि उन्हामागून लिओ. त्यानं टोपी काढली. आत सगळं स्वच्छ होतं, जागच्या जागी होतं. तो टेबलाशी बसला, बिल पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, जणू तिचं तोंड पहिल्यांदाच बघतोय असं फोटोशी ताडून पाहिलं, आणि फॉर्मवर भरत गेला. मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. काळी वायर ओट्याखालून निघून खिडकीबाहेर गेली होती. लिओनं तिचा माग काढत मान वळवली, कुंपणावरून, कापलेल्या गवतावरून, क्रेनशॉच्या दारावरच्या दिव्यापर्यंत. चाळीस वर्षं या शहरात काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"हे मला विचारावं लागेल," तो म्हणाला. "शेजारच्या घरात कोण राहतं?"

हॉवर्ड बेल तिच्या जिभेवर तयार होता. तिनं तोंड उघडलं. खिडकीतून मधली पट्टी दिसत होती, तिच्या अलीकडे तुरे आलेलं गवत आणि पलीकडे बारीक, सारखं, दर शनिवारी त्याच्या हातचं असावं तसं कापलेलं.

"वेंडेल," ती म्हणाली.

लिओनं पेन फॉर्मवर टेकवलं. दफनाच्या दिवशी शवपेटी उचलायला सहा जण लागले होते, त्यातला एक तो होता. उजव्या बाजूला, पायाशी. बाहेर मिस ओफेलिया कुणावर तरी ओरडत होती, पाव कुठं ठेवलास म्हणून.

"पूर्ण नाव?" लिओनं विचारलं.

"वेंडेल जे. पेटवे."

त्यानं ते लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं, ऑफिसात कुणाला वाचता यावं असं. ते आपल्याच टेबलावर येणार आहे आणि आपल्यालाच त्यावर शिक्का मारायचा आहे, हे अर्डेलला तेव्हा सुचलं. पाच होणार होते. दिवे राहणार होते, गाडी येणार होती. एवढं सगळं ठीक झालं असताना तिची हनुवटी का हलतेय ते तिला कळेना. तिनं हातानं ती धरली, तरी ती थांबेना.

"तिथं माणसं किती?" लिओनं विचारलं.

"एक."

"आणि या घरात?"

हा प्रश्न फॉर्मवर असतो. तो शेवटचा असतो. सव्वीस वर्षं तिनं तो हजारो कागदांवर तपासला होता, आणि उत्तर तयार ठेवायचं मात्र तिला सुचलं नव्हतं. तेरा महिने कुणी तिला हे विचारलं नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि तो छातीत कुठेतरी लागला, खरोखरचा दुखला. मग ती रडू लागली, मोठ्यानं, दार उघडं असताना, समोरच्या ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं, आणि रडताना तिला लाजही वाटत होती आणि बरंही वाटत होतं. लिओ पेन धरून तसाच बसून राहिला. त्याला घाई नव्हती.

"एक," अर्डेल म्हणाली. "इथंही एकच."

लिओनं तो आकडा लिहिला आणि सहीसाठी फॉर्म तिच्याकडे सरकवला.